गोळ्यांची वही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी मी औषधांवर बोलायला उभी राहिले आहे, त्याबद्दल प्रथम क्षमा मागते. माझ्या धाकट्या जाऊबाईंच्या संमतीनेच बोलते आहे. त्या समोर दुसऱ्या रांगेत बसल्याही आहेत.

चार वर्षांपूर्वी त्यांचे मन एकाएकी विटले. स्वयंपाक नको, बोलणे नको, वेणीफणीसुद्धा नको. आम्ही भाईंदरहून घोडबंदर रस्त्याने ठाण्याला डॉक्टरांकडे जाऊ लागलो. 'ठाण्याला पाठवा' ही थट्टा आपण सगळ्यांनीच कधी ना कधी केलेली आहे. तिथले मनोरुग्णालय १९०१ सालचे. थट्टाही बहुधा तितकीच जुनी! म्हणून शेजारी विचारले की आम्ही 'दाढेसाठी जातो' असे सांगत असू.

पण खरा त्रास झाला तो औषधे बदलण्याचा. एक गोळी दिली, मग तिची मात्रा वाढवली, मग ती बंद करून दुसरी. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरांनाच रोग कळलेला नाही." मलाही तसेच वाटे. शेवटी धीर करून विचारले. डॉक्टरांनी सांगितले की, उदासीवरच्या गोळीचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि कोणाला कोणती मानवेल हे आधी सांगणारी खात्रीची तपासणी नाही. ही गोष्ट पहिल्याच दिवशी विचारली असती, तर केवढी घालमेल वाचली असती!

पुढे चूक झाली ती माझ्या हातून. दुकानात नेहमीच्या कंपनीचे पाकीट नव्हते, म्हणून दुसऱ्या कंपनीचे मिळाले. मला वाटले, औषध नवीन. घरातले जुनेही चालूच ठेवले. चार दिवस जाऊबाईंना मळमळ, हातांना थरथर, रात्री डोळ्याला डोळा नाही. पाकिटावरचे एक नाव कंपनीने ठेवलेले असते. औषधाचे खरे नाव वेगळे असते. ते दोन्हीकडे एकच होते. त्या दिवसापासून वही सुरू झाली.

काही महिन्यांनी उदासी गेली आणि भलतेच झाले. रात्री दोन वाजता पितळी भांडी घासणे, उधारीवर साड्या! वहीतल्या तारखा पाहून डॉक्टरांनी निदानच बदलले आणि लिथियम सुरू केले. त्याचे रक्तातले प्रमाण तपासावे लागते, तेही शेवटच्या गोळीनंतर सुमारे बारा तासांनी. शरीरातले पाणी किंवा मीठ कमी झाले की हे प्रमाण वाढते व अंगावर येते. म्हणून हरतालिकेचा निर्जळी उपवास आम्ही डॉक्टरांना विचारून सोडला. अंगदुखीच्या गोळ्याही विचारल्याशिवाय घेत नाही. गौरीने रागावू नये!

वहीत विशेष काही नाही. तारीख, औषधाचे खरे नाव, मात्रा, का बदलले, झोप किती, काय त्रास. बंद झालेल्या गोळ्या लगेच घरातून बाहेर. बरे वाटले म्हणून मनाने गोळी सोडायची नाही. काही गोळ्या एकदम सोडल्या तर चक्कर, अस्वस्थता येते. रात्री-अपरात्री कोणी बोलायला हवे असेल, तर २०२२ सालापासून सरकारचा १४४१६ हा फुकट दूरध्वनी आहे. तिथे मराठीत बोलता येते.

गेल्या महिन्यात मात्रा पुन्हा बदलली. ती नोंद जाऊबाईंनी स्वतःच केली. माझे अक्षर लागत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.