अंधाऱ्या पडद्यामागील उच्च दाब

(जयपूर येथे जुन्या संचांची दुरुस्ती करणाऱ्यांपुढे दिलेले भाषण)



१९७५-७६ मध्ये 'साइट' या उपग्रह-प्रयोगाने सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवली. त्यांत राजस्थानही होते. १९७७ मध्ये जयपुरास स्वतःचे प्रक्षेपण लाभले. त्या पिढीचे कृष्णधवल संच आज दुर्मिळ झाले आहेत आणि त्यांचे सुटे भाग त्याहूनही दुर्मिळ. म्हणून कोणता भाग निकामी झाला हे ठरवताना घाई करणे आपल्याला परवडणारे नाही. चांगला भाग सदोष ठरवून फेकला, तर तसा दुसरा मिळेलच असे नाही.

चित्रनलिकेतील इलेक्ट्रॉन वेगाने पडद्यावर आदळावेत यासाठी साधारण १२ ते १८ हजार व्होल्टचा दाब लागतो. रंगीत संचात तो २५ हजारांपर्यंत जातो. किरण सेकंदाला १५,६२५ वेळा आडवा धावून झटक्यासरशी परततो. त्या परतीच्या क्षणी फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरमध्ये, म्हणजे आपले कारागीर ज्याला नुसते 'ईएचटी' म्हणतात त्यात, हा दाब उपजतो.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. संच बंद केल्यावरही चित्रनलिका मोठ्या कपॅसिटरप्रमाणे विद्युत्भार धरून ठेवते. तो उतरवताना उत्तम आवरण असलेल्या दांडीतून, मोठ्या रोधकामार्फत, नळीच्या बाहेरील काळ्या लेपाशी जोडलेल्या तारेकडे वाट करून द्यावी. एकदा उतरवलेला भार काही वेळाने पुन्हा थोडा साचतो. म्हणून ही क्रिया दोनदा करावी. शिवाय अनेक संचांची चासी थेट घरच्या विजेला जोडलेली असते. विलगक ट्रान्सफॉर्मरवाचून त्यांना हात लावू नये.

आता निदानाकडे वळू. आवाज येतो, पण पडदा काळाच आहे, असे असेल तर संशय प्रथम उच्च दाबावर जातो. तथापि दोष त्याच्या उगमाआधीही असू शकतो. लाइन आउटपुट व्हॉल्व्हची पट्टी लाल होत असेल, तर संच तत्काळ बंद करावा. त्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर ऋण दाब येत नसेल, तर दोष आंदोलकात आहे; ट्रान्सफॉर्मर निर्दोष असू शकतो. ऋण दाब ठीक असेल, तर संच बंद करून, भार उतरवून, एकेक जोड सोडवीत जावे. उच्च दाबाचा एकदिशकारक वेगळा करताच बूस्ट दाब परत आला, तर दोष त्यात वा त्यापुढे आहे.

तेज वाढवताच चित्र चहूबाजूंनी फुगून फिकट होत असेल, तर उच्च दाब भाराखाली खचतो आहे. इलेक्ट्रॉन मंदावतात, म्हणून अधिक वळतात, आणि चित्र मोठे दिसते. येथे दुबळा एकदिशकारक पहिला संशयित होय.

सर्वांत फसवा दोष वेटोळ्यांतील शॉर्टचा. शेकडो वेढ्यांपैकी एखादाच मिटला तर ओहममापकाला फरक कळत नाही. पण चालू संचात तोच वेढा सारी शक्ती गिळतो आणि ट्रान्सफॉर्मर तापतो. त्यासाठी बंद संचातील वेटोळ्यास एक विद्युत्झटका देऊन त्याची आंदोलने ऑसिलोस्कोपवर पाहावीत. निरोगी वेटोळे घंटेसारखे बराच वेळ निनादते; सदोष वेटोळे चटकन मुके होते. मात्र विक्षेपक वेटोळी आधी सोडवावीत, नाहीतर त्यांचा दोष ट्रान्सफॉर्मरच्या माथी बसेल.

पेचकसाने ठिणगी ओढून पाहण्याची जुनी सवय मात्र सोडावी. ठिणगी दाब किती हे सांगत नाही, आणि ट्रान्झिस्टरच्या संचात धडधाकट भागही मारते. उच्च दाबासाठी बनवलेला शोधक व मापक वापरावा.

आपल्या प्रदेशाचाही विचार हवा. उच्च दाब धूळ ओढून घेतो. उन्हाळ्याच्या आंधीत साचलेली धूळ पहिल्या पावसात ओलावते आणि दाब तिच्यावाटे गळतो. सुस्कारा ऐकू येतो, ओझोनचा उग्र वास येतो. अशा वेळी भार उतरवून नुसती स्वच्छता केली आणि भाग पूर्ण कोरडे केले, तरी कित्येक संच पुन्हा उजळतात.

तेव्हा आधी पाहावे, मग मोजावे, आणि भाग बदलण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा. या क्रमाने संच वाचतात आणि दुरुस्त करणाऱ्याचे प्राणही.