अंगाची लाज आणि बघणाऱ्याची नजर

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

मी अंबडहून बोलते आहे, बचत गटांचं काम बघते. आजचा विषय ऐकून काही जणी पदर तोंडाला लावतील. लावा, हसा, पण रेडिओ बंद करू नका.

परवा एका गटाच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले, रजिस्टर लिहून झालं आणि गप्पा निघाल्या. कुणीतरी मोबाईलवर बघितलं होतं की इंग्लंडमध्ये समुद्रकाठी अशा जागा आहेत, जिथे बाया-माणसं अंगावर एकही कपडा न ठेवता ऊन खात बसतात, पोहतात, डबा खातात. एक म्हणाली, "शी बाई!" दुसरी म्हणाली, "त्यांच्या घरच्यांना चालतं?" तिसरीने मात्र वेगळंच विचारलं. "ताई, तिथे बायांना कुणी छेडत नाही का?" मला वाटलं, खरा प्रश्न हाच आहे.

म्हणून मी थोडं वाचलं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटन नावाचं शहर आहे. तिथल्या नगरपालिकेने १९८० च्या एप्रिलमध्ये किनाऱ्याचा एक तुकडा यासाठी मोकळा केला. गोट्यांचा किनारा, आपल्या कोकणासारखी वाळू नाही. हा विषय लावून धरणारी एक नगरसेविका होती, बाईच. विरोधही खूप झाला, तरी ठराव पास झाला. स्टडलंड नावाच्या दुसऱ्या गावी वाळूचा किनारा आहे, तिथे पाट्या लावलेल्या आहेत: इथून पुढे माणसं कपड्यांशिवाय दिसू शकतील. ज्याला नको त्याने अलीकडेच थांबावं. तिथला कायदा असा आहे की नुसतं उघडं असणं हा गुन्हा नाही, पण दुसऱ्याला घाबरवायला किंवा त्रास द्यायला कुणी अंग दाखवलं, तर तो गुन्हा.

अशा ठिकाणच्या रिवाजांतले दोन आपल्या कामाचे आहेत. कुणाकडे टक लावून बघायचं नाही. आणि विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं गोऱ्यांचं. पण मैत्रिणींनो, जगातला असा पहिला मंडळ-संघ म्हणून ज्याचं नाव घेतात, तो आपल्या महाराष्ट्रात निघाला होता. साल १८९१. ठाण्याला क्रॉफर्ड नावाचे इंग्रज जिल्हा न्यायाधीश होते, बायको वारलेली. त्यांनी माथेरानच्या थंड हवेत कपड्यांशिवाय राहणाऱ्यांचं मंडळ काढलं. त्या वेळी माथेरानची छोटी आगगाडीही नव्हती, ती १९०७ ची. मंडळात सभासद किती? तीन! एक साहेब आणि एका मिशनऱ्याची दोन मुलं. आपल्या बचत गटाला दहा बाया लागतात, यांचं तिघांत भागलं. साहेबांचं म्हणणं असं की अंग सतत झाकून ठेवल्याने खोटी लाज तयार होते आणि दुसऱ्याच्या अंगाबद्दल नको ती उत्सुकता वाढते. पुढे त्यांची रत्नागिरीला बदली झाली आणि मंडळ संपलं, १८९४ मध्ये ते वारले.

तिघेही पुरुष होते, हे लक्षात घ्या. त्याच १८९१ साली मुलीचं संमतीवय दहावरून बारा वर्षं करायचा कायदा आला आणि त्यावरून आपल्याकडे केवढं रान उठलं! म्हणजे साहेबाला डोंगरावर जाऊन कपडे काढायची मोकळीक होती, आणि आपल्या दहा-अकरा वर्षांच्या पोरीला स्वतःच्या अंगावर हक्क नव्हता.

त्याच ठाणे भागातल्या कल्याणची एक मुलगी होती, आनंदीबाई जोशी. नवव्या वर्षी लग्न, लहान वयात बाळंतपण, आणि बाळ दहा दिवसांत गेलं. १८८३ मध्ये अमेरिकेला निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरला लोकांसमोर उभं राहून त्यांनी सांगितलं की या देशाला बायका डॉक्टर हव्यात. कारण बाई आपलं दुखणं पुरुष डॉक्टरला दाखवायला तयार नसते. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी वारल्या. डॉक्टर रखमाबाई लंडनला शिकल्या आणि पुढे सुरत, राजकोटला त्यांनी बायकांवर उपचार केले. अंगाची लाज बाईचा जीव घेते, हे या दोघींना कळलं होतं.

नग्नतेचा आपल्या मुलखात सरसकट तिरस्कार आहे असंही नाही. आपल्या नाशिक जिल्ह्यात, बागलाणात मांगीतुंगीला ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती आहे, दिगंबर. सिंहस्थात त्र्यंबकला नागा साधूंची मिरवणूक निघते, तेव्हा आपण लेकराबाळांसह हात जोडून उभ्या राहतो. कुणी फिदीफिदी हसत नाही. म्हणजे अंग तेच, आपण नजर बदलतो. मग रामकुंडावर ओल्या लुगड्यात अंघोळ करणाऱ्या बाईकडे ही नजर का राहत नाही? ती पाण्यातून वर येते तेव्हा तिला आधी चारी बाजूंना बघावं लागतं, कुणाचा मोबाईल आपल्याकडे तर नाही ना.

मी तुम्हाला कपडे काढा म्हणत नाहीये, हे घरी जाऊन नीट सांगा, नाहीतर उद्या माझ्या नावाने ओरड होईल! आपल्याकडे सार्वजनिक ठिकाणी तसं केलं तर पोलीस केस होते, गोव्याच्या किनाऱ्यावरसुद्धा. माझं सांगणं इतकंच की लाज जिथे राखायची तिथे राखा, पण तिच्यापायी दुखणं अंगावर काढू नका.

आमच्या एका गटातल्या मावशींची गोष्ट. नाव नाही, गाव नाही. त्यांचं अंग बाहेर येत होतं. किती वर्षं? सहा. बसताना त्रास, लघवीला त्रास, शेतात वाकलं की त्रास. सुनेला सांगितलं नाही, नवऱ्याला तर नाहीच. "कसं दाखवायचं बाई?" एवढंच म्हणत राहिल्या. शेवटी गटातली एक जण सोबत गेली, ऑपरेशन झालं. आता मावशी बैठकीत मांडी घालून बसतात. सहा वर्षं लाजेने खाल्ली.

तेव्हा चार गोष्टी सांगते, रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून घ्या.

पहिली. महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर, अंघोळीच्या वेळी आपली छाती आपण हाताने तपासा. गाठ लागली, बोंड आत ओढलं गेलं, त्यातून पाणी किंवा रक्त आलं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसली, तर लगेच दाखवा. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, पण ते डॉक्टर सांगतील, शेजारीण नाही. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं किंवा संबंधानंतर रक्त आलं, तरी थांबू नका.

दुसरी. तिशीच्या पुढच्या बायांची स्तनाची आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्राच्या कार्यक्रमात आहे. आशाताईला विचारा. तपासणारे डॉक्टर पुरुष असतील, तर "सोबत बाई हवी" असं स्पष्ट म्हणा. म्हणायला लाजू नका.

तिसरी. अंघोळ करताना, कपडे बदलताना किंवा संडासात बाईला चोरून बघणं, तिचा फोटो काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. नुसतं बघितलं तरीसुद्धा. पहिल्यांदा सापडला तर एक ते तीन वर्षं कैद. फोटो मोबाईलवर फिरवला, तर सायबरच्या १९३० नंबरवर तक्रार करा, तातडीची मदत लागली तर ११२. आणि तुमच्या मुलीबाबत असं झालं, तर पहिला शब्द "तू तिथे कशाला गेलीस?" हा नको. लाज वाटायचीच तर ती फोटो काढणाऱ्याला वाटू दे.

चौथी. न्हाणीला भिंत आणि दार. आमच्या अंबडला कारखान्यात जाणाऱ्या किती तरी बाया भाड्याच्या खोलीत राहतात. मोरीला जुन्या साडीचा आडोसा, म्हणून पहाटे अंधारात लुगड्यासकट अंघोळ. ओल्या कपड्यात राहून खाज, चट्टे. संडास लांब म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत, मग लघवीची जळजळ. गटाचं कर्ज आपण लग्नाला काढतो, मोबाईलला काढतो. एखादं कर्ज न्हाणीच्या दारासाठी काढू या.

त्या परदेशी किनाऱ्यावर जायचं आपल्याला काही काम नाही. पण तिथली "टक लावून बघू नका, फोटो काढू नका" ही शिस्त आपल्या घाटावर, हापशावर, बस स्टँडवर आली तर हवी आहे. घरातल्या मुलाला ती आपणच शिकवायची, आणि तो मिशा फुटायच्या आधी शिकवायची.

पुढच्या बैठकीत वसुली झाल्यावर अर्धा तास काढा. दार लावून घ्या आणि एकेकीने सांगा, कोणतं दुखणं लाजेपायी लपवलं आहे. कुणी हसायचं नाही आणि तिथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. तपासणीला जायची तारीख ठरवा, सोबत कोण जाणार ते ठरवा आणि ठरावाच्या रजिस्टरमध्ये लिहा.