वाकलेला मोगडा



उन्हाळी मोगडणी आटोपत आली की गावच्या वेल्डरच्या दुकानापुढे वाकलेली अवजारे येऊन पडू लागतात. त्यांत ट्रॅक्टरचा मोगडा, ज्याला आता बरेचजण कल्टिव्हेटर म्हणतात, तो हमखास असतो. चौकटीचे एक टोक मागे गेलेले, दोन फण तिरपे झालेले आणि मालक घाईला आलेला. "मृग तोंडावर आला, तेवढं ठोकून सरळ करून द्या." कारागीर ठोकून देतो, वर एक पट्टी चिकटवतो. पुढच्या हंगामात मोगडा पुन्हा तिथेच वाकतो, नाहीतर त्या पट्टीच्या अगदी कडेला तुटतो. हे कसे टाळता येईल ते आज पाहू.

हातोडा उचलण्याआधी मोगडा का वाकला ते ओळखा. वाकण्याची तऱ्हाच कारण सांगते. चौकटीचे टोक मागे ओढले गेले असेल तर कडेचा फण दगडात किंवा बाभळीच्या मुळात अडकला होता. आपल्या माळरानावर वीतभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण, तेव्हा हे व्हायचेच. तोच धक्का मधल्या फणाला बसला असता तर चौकटीने सोसला असता. पहार लांब धरली की थोड्या जोरात मोठा धोंडा हलतो ना? तशीच तरफ इथे असते, फक्त ती आपल्या चौकटीवर उलटते. सगळे फण एकाच अंगाला कलले असतील तर बांधापाशी मोगडा न उचलताच ट्रॅक्टर वळवला गेला आहे. फण पुढे वाकले असतील तर जमिनीत रुतलेला मोगडा तसाच ठेवून ट्रॅक्टर मागे घेतला. या दोन्ही गोष्टींवर उपाय वेल्डिंगच्या दुकानात मिळत नाही. ट्रॅक्टर चालवणाऱ्या मुलाला जवळ बसवून सांगावे लागते. आणि ३५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरसाठी घेतलेला मोगडा ५५ च्या ट्रॅक्टरला जोडला असेल, तर वाकला याचे नवल कशाला?

चौथे कारण सहसा लक्षात येत नाही. पूर्वी ट्रॅक्टरची अवजारे स्वतःच्या चाकांवर मागे ओढली जात. हॅरी फर्ग्युसन यांची तीन ठिकाणी जोडायची रचना १९३९ साली फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली आणि पुढे जगभर पसरली. अवजार उचलणे सोपे झाले, पण त्याचबरोबर सगळे वजन दोन खालच्या पिनांवर आणि वरच्या एका पिनेवर लोंबू लागले. वाडीच्या खडबडीत रस्त्याने मोगडा उचलून भरधाव नेला की प्रत्येक खड्ड्यात तो हिसका देतो. शेतात न वाकलेला मोगडा पिनांच्या बुडाशी चिरतो तो यामुळे.

आता कामाला लागू. पण त्याआधी एक गोष्ट मी तुम्हाला हात जोडून सांगतो. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर उचलून ठेवलेल्या मोगड्याखाली कोणीही जाऊ नये, क्षणभरसुद्धा नाही. एखाद्या मुलाचा हात दांड्याला लागतो किंवा तेलाची नळी फुटते आणि मोगडा खाली येतो. तो सोडवून जमिनीवर घ्या आणि लाकडी ओंडक्यांवर टेकवा. विटांवर ठेवू नका, वीट न सांगता फुटते. वेल्डिंग ट्रॅक्टरपासून दूर करा.

वाकलेल्या जागेचा रंग खरवडून काढा आणि चीर शोधा. हिचा सोपा उपाय गुरुजींच्या टेबलावर आहे. जागा पुसून तिला रॉकेल लावा, ते नसेल तर डिझेल. पाच-दहा मिनिटांनी कापडाने कोरडी पुसा आणि वर खडूची पूड चोळा. चीर असेल तर आत शिरलेले तेल बाहेर येऊन पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. चिरेच्या दोन्ही टोकांना सहा मिलिमीटरचे भोक पाडा, म्हणजे ती पुढे धावत नाही. मग तेल पार पुसून, चीर खाचेसारखी कोरून ती भरून घ्या. चीर तशीच ठेवून वर पट्टी लावणे म्हणजे जखम न धुता फडके बांधणे.

सरळ करताना डोळ्यावर विसंबू नका. चौकटीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली दोन्ही तिरकस अंतरे दोरीने मोजा. ती सारखी आली की चौकट काटकोनात आहे. पीळ पाहायला सुताराची युक्ती चांगली. पुढच्या आणि मागच्या दांड्यावर एकेक सरळ फळी ठेवून एका कडेवरून दुसरीकडे पाहा. कडा समांतर दिसल्या नाहीत तर पीळ शिल्लक आहे. ओढण्यासाठी जॅक, साखळी आणि आधाराला एक जाड गर्डर पुरतो. लोखंड सोडले की थोडे मागे येते, म्हणून सरळ रेषेच्या जरासे पलीकडे न्यावे लागते. ताणलेल्या साखळीच्या रेषेत मात्र कोणी उभे राहू नये.

गरम करावे का? चौकट मऊ पोलादाची असते, ती चालते. पण मग पुरती लाल करा. निळसर झाक येईल एवढ्या अर्धवट उष्णतेत पोलाद ठिसूळ होते आणि ठोकताना तडकते. गरम केलेल्या चौकटीवर पाणी ओतू नका, हवेतच निवू द्या. फणांची गोष्ट वेगळी. त्यांना कारखान्यात पाणी दिलेले असते. लाल केले की तो कडकपणा जातो आणि पुढच्या दगडाला फण मेणासारखा वाकतो. फण थंडच सरळ होत असेल तर करा, नाहीतर नवा घ्या.

आता बळकटीकडे येऊ. पट्टी कुठे लावायची हेच बहुतेकांचे चुकते. टोक मागे ओढले जात असेल तर दांड्याचा पुढचा भाग ताणला जातो आणि मागचा दाबला जातो. म्हणून पट्ट्या पुढच्या व मागच्या अंगाला हव्यात. वरच्या अंगाला चिकटवलेली पट्टी दिसायला भक्कम, पण या कामाला तिचा उपयोग बराच कमी. दांडा उघड्या चॅनेलचा असेल तर त्याची उघडी बाजू पट्टीने बंद करा, पीळ बसणे फार कमी होते. गुरुजी, हे वर्गात दाखवण्यासारखे आहे. जाड कागदाच्या दोन नळ्या करा, एकीची शिवण डिंकाने चिकटवा, दुसरीची उघडी ठेवा आणि दोन्ही पिळायला मुलांच्या हाती द्या. कागद तेवढाच, फरक मात्र मुले विसरणार नाहीत. बंद केलेल्या चॅनेलला खालून पाणी निथळायला भोक ठेवा, नाहीतर तो आतून गंजतो.

पट्ट्यांपेक्षाही चांगला उपाय म्हणजे तिरकस टेकू. चार काड्यांचा चौकोन खिळ्यांवर हलतो, त्यात एक तिरकस काडी घातली की घट्ट होतो. मागच्या दांड्याच्या टोकापासून पुढच्या दांड्याच्या मध्यापर्यंत दोन्हीकडे एकेक अँगल तिरकस जोडा. फण सरकवायला जागा राहील एवढे पाहा.

पट्टीचे टोक काटकोनात कापून आडवे वेल्डिंग करू नका. मोगडा दुसऱ्यांदा तुटतो तो बहुधा याच आडव्या शिवणीवर. टोके निमुळती करा, पट्टी वाकलेल्या जागेच्या पुढे चांगली वीतभर न्या आणि शिवण लांबीच्या बाजूने घाला. एका दमात सगळे वेल्डिंग केले तर निवताना चौकट आखडून पुन्हा वाकडी होते. आधी ठिकठिकाणी टाके द्या, मग अदलून-बदलून थोडे थोडे भरा. पावसाळ्यात ओल धरलेले रॉड वापरू नका. वेल्डिंग पोकळ येते.

आता थोडे उलट सांगतो. मोगडा इतकाही भक्कम करू नका की तो मुळी वाकणारच नाही. धक्का कुठेतरी जाणारच. चौकट हलली नाही तर तो ट्रॅक्टरच्या खालच्या हातांवर आणि हायड्रॉलिकवर जातो, आणि त्याचा खर्च मोगड्याच्या कितीतरी पट. काही मोगड्यांत फण दोन बोल्टांवर असतो. एकावर तो फिरतो आणि दुसरा, ज्याला शिअर बोल्ट म्हणतात, धक्क्याने आधी तुटावा असा ठेवलेला असतो. तो वरचेवर तुटतो म्हणून त्याजागी कडक पोलादाचा बोल्ट घालणारे लोक मी पाहिले आहेत. पाच-दहा बोल्ट वाचतात आणि चौकट जाते. त्याच जातीचे बोल्ट टोपणात जादा बाळगा. दगडाळ रान असेल तर पुढच्या वेळी स्प्रिंगच्या फणांचा मोगडा घ्या. फण दगडावरून मागे झुकतो आणि पुन्हा जागेवर येतो.

दुरुस्त झालेला मोगडा आधी मऊ रानात तासभर चालवा. मग थांबून सगळे नटबोल्ट आवळा, तिरकस अंतरे दोरीने पुन्हा मोजा आणि नव्या शिवणींवर एकदा खडू फिरवून पाहा.