स्मरण आणि मायबोली



स्मरण म्हणजे पेटीत ठेवलेला दागिना, ठेवला तसाच हाती येतो, अशी आपली समजूत असते. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट (१८८६-१९६९) यांनी ती खोडून काढली. त्यांच्यापूर्वी जर्मनीत एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरे स्वतःच पाठ करून विसरण्याचे मोजमाप केले व ते १८८५ साली प्रसिद्ध केले. बार्टलेट यांना एवढ्याने समाधान नव्हते. माणूस निरर्थक अक्षरांवर थोडाच जगतो!

त्यांनी उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक कथा इंग्रज विद्यार्थ्यांना वाचायला दिली आणि काही काळाने पुन्हा सांगवली. कथेतली होडकी साध्या नावा झाली, सीलची शिकार मासेमारी झाली. अपरिचित ते गळाले, परिचित ते शिरले. १९३२ सालच्या त्यांच्या ग्रंथातला निष्कर्ष असा, की आठवणे म्हणजे नव्याने रचणे. त्याच ग्रंथात एक स्वाझी गुराखी भेटतो. वर्षापूर्वीच्या गुरांच्या सौद्यातील रंग, खुणा आणि किंमती त्याने जवळजवळ बिनचूक सांगितल्या. जिथे जीव गुंतला, तिथे स्मरण पक्के. आपल्या बैलबाजारात हे कोणाला नवे आहे?

आता आपल्या घरात डोकावू. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात त्या ओव्या रचून गात. लय आणि यमक यांनी शब्द घट्ट धरून ठेवले. तरीही सोपानदेवांनी आणि आप्तांनी ती गाणी टिपून ठेवली, म्हणूनच १९५२ साली ती अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूप झाली. नुसत्या कंठावर विसंबलो असतो, तर किती उरले असते?

धुळ्याने हे कागदांच्या बाबतीत ओळखले. राजवाड्यांच्या निधनानंतर १९२७ साली तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. दप्तरे जपली गेली; आजीच्या तोंडची बोली मात्र कोणी जपायची?

आमची भीती एवढीच आहे. आजीची गोष्ट आम्ही मुलांना सांगतो, तेव्हा तिच्या 'माले'चे नकळत 'मला' होते. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी केले तेच आम्ही आमच्याच घरात करतो. तेव्हा आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांपाशी बसा, त्यांची एक ओवी त्यांच्याच उच्चारात उतरवून घ्या आणि सुधारू नका.