गमावलेल्या कमाईचे मोल : रस्ते अपघातातील जखमींचा भरपाईचा हक्क

(म्हैसूर येथे मराठी भाषक विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



बंगळूर-म्हैसूर द्रुतगती महामार्गाचे उद्घाटन मार्च 2023 मध्ये झाले. सुमारे तीन तासांचा प्रवास सव्वा तासावर येईल, असे त्या वेळी सांगण्यात आले. वेळेची अशी बचत प्रकल्पाच्या लाभांत मोजली जाते. परंतु रस्त्यावर पाय गमावलेल्या माणसाचे नुकसान कोणत्या रकान्यात मांडायचे? 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आणि 4,43,366 जखमी झाल्या. आज मला या जखमींविषयी बोलायचे आहे.

वाहनाचा लाभ मालकाला मिळतो, धोका मात्र पादचाऱ्यालाही पत्करावा लागतो. हा भार सर्व वाहनधारकांत वाटला जावा, म्हणून मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 ने त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा केला आहे. त्यामुळे भरपाई हा जखमीचा हक्क आहे, कोणाची कृपा नव्हे.

कलम 166 नुसार मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. अपघात म्हैसूरजवळ झाला तरी कोल्हापूरचा रहिवासी कोल्हापुरात दावा दाखल करू शकतो. 2019 च्या दुरुस्तीने अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत घातली. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे, तरीही विलंब टाळणेच हिताचे. कलम 164 खाली चालकाची चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. वाहन पळून गेले व त्याचा शोध लागला नाही, तर 2022 च्या योजनेनुसार ही रक्कम अनुक्रमे 2 लाख आणि 50 हजार रुपये आहे. मे 2025 पासून जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचारांची तरतूद झाली आहे.

खरा प्रश्न आहे तो मोजमापाचा. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये वयानुसार गुणक निश्चित केले. 2010 च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले, की शारीरिक अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेतील घट या दोन भिन्न गोष्टी आहेत. हात गमावल्यावर सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. सुताराची मात्र जवळजवळ सगळी कमाई बुडते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. येथील देवराज मार्केटमध्ये फुले विकणाऱ्या 28 वर्षांच्या तरुणाने पाय गमावला. त्याची कमाई दरमहा 12,000 रुपये आहे. चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी व्यक्तीसाठी भावी वाढीपोटी 40 टक्के मिळवले, की ती 16,800 होते. 12 महिने आणि 17 हा गुणक धरून, कमाईच्या क्षमतेतील घट 60 टक्के मानली, तर नुकसान 20,56,320 रुपये येते. आता पगारपत्रक नाही म्हणून उत्पन्न 8,000 रुपयेच धरले, आणि प्रमाणपत्रावरील 40 टक्के अपंगत्व हीच कमाईतील घट मानली, तर हाच आकडा 9,13,920 रुपयांवर येतो. माणूस तोच, दुखापत तीच. भरपाई निम्म्याहूनही कमी! सूत्र सर्वांना समान असले, तरी त्यात भरायचे आकडे समान न्यायाने मोजले जातातच असे नाही.

असंघटित क्षेत्रातील बहुसंख्य श्रमिकांकडे उत्पन्नाचा कागद नसतो. म्हणून बाजारातील पावत्या, बँकेचे पासबुक, सोबतच्या विक्रेत्यांची साक्ष आणि हा माणूस आता कोणते काम करू शकत नाही हे सांगणारी डॉक्टरांची साक्ष यांना मोल येते. उपचारांचा खर्च, वेदना, मदतनीस आणि कृत्रिम अवयव यांची भरपाई याशिवाय मागता येते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार महिला आणि अपंग व्यक्ती मोफत विधी साहाय्यास पात्र आहेत.

आपल्यापैकी काही जण उद्या प्रशासनात जातील. कलमे आणि गुणक तर तुम्ही पाठ करालच. पण समोर आलेल्या अर्जातील उत्पन्नाचा रकाना कोरा दिसला, तर त्याचा अर्थ शून्य असा लावू नका, एवढीच माझी अपेक्षा आहे.