‘हो’ म्हणण्याआधीचा प्रश्न

(शिरूर आणि दौंड इथे तरुण-तरुणींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजचा विषय एका इंग्रजी शब्दाचा आहे. कन्सेन्ट. काल शिरूरला हाच विषय होता. तिथे एका मुलीने विचारलं, “मॅडम, कन्सेन्ट म्हणजे परवानगीच ना? मग नवीन शब्द कशाला?” प्रश्न साधा आहे, पण उत्तर साधं नाही, म्हणून आज तिथूनच सुरुवात करते.

परवानगी हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. परवाना ज्याच्या हातात, तो परवानगी देणार. म्हणजे ती वरून खाली येते. तहसीलदार देतो, पोलीस ठाणं देतं, अब्बा देतात. मुलगी म्हणते, “मला पुण्याला शिकायची परवानगी मिळाली.” शिकणार ती, पण देणारा दुसराच. कन्सेन्टचं उलट आहे. ज्याच्या शरीराचा, जमिनीचा किंवा आयुष्याचा प्रश्न आहे, त्यालाच विचारायचं आणि उत्तरही त्याच्याकडूनच घ्यायचं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ सोबत जाणवणं असा होतो. आपल्या ‘संमती’तही सम् आणि मती आहेत, मन जुळणं. तेव्हा नवा शब्द नकोच असेल तर संमती म्हणा, रजामंदी म्हणा. फक्त परवानगीशी त्याची गल्लत करू नका.

रजामंदीवरून आठवलं. दौंड हे रेल्वेचं गाव, इथे ज्यांच्या घरात कुणी रेल्वेत असेल त्यांनी “रजा सँक्शन झाली” हे वाक्य शेकडो वेळा ऐकलं असेल. अरबी ‘रिज़ा’ म्हणजे खुशी, राजी असणं. तो शब्द मराठीत आला आणि त्याचा अर्थ सुट्टी झाला. साहेब राजी झाला की सुट्टी! इंग्रजी सँक्शनचा अर्थही मंजुरीच. म्हणजे “रजा सँक्शन झाली” म्हणताना आपण दोन भाषांत एकच गोष्ट दोनदा सांगतो, आणि दोन्ही वेळा राजी होणारा साहेबच असतो. (हाच सँक्शन शब्द देशादेशांच्या भांडणात आला की त्याचा अर्थ निर्बंध होतो. इंग्रजीवाल्यांचीही तारांबळ उडते, फक्त आपलीच नाही.) राजीनामा पाहा. उर्दूत, कोर्टाच्या भाषेत, तो समझोत्याचा कागद. मराठीत नोकरी सोडल्याचा. आणि ‘कुबूल’? निकाहात तो सगळ्यात सुंदर शब्द. मराठी पोलीस ठाण्यात त्याचा कबुलीजबाब होतो. तिथे कबूल करणारा राजी असतोच असं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

हे शब्द मी गंमत म्हणून सांगत नाही. तोंडातून ‘हो’ निघणं आणि मनातून राजी असणं यांत किती अंतर असू शकतं, ते या शब्दांच्या प्रवासात दिसतं. हे अंतर कायद्यालाही फार उशिरा दिसलं.

शिरूरहून इकडे येताना न्हावऱ्यावरून केडगावकडे रस्ता येतो. केडगाव तुमच्याच तालुक्यातलं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या तिथेच वारल्या. १८८७ साली त्यांचं ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ हे इंग्रजी पुस्तक निघालं. त्यात त्यांनी मुंबईच्या एका तरुणीच्या खटल्याबद्दल लिहिलं. ती तरुणी म्हणजे रखमाबाई, पुढे डॉ. रखमाबाई.

अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावलं. त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत, आईकडेच राहून शिकल्या. १८८४ मध्ये दादाजी कोर्टात गेले: बायको माझ्या ताब्यात द्या. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. असहाय वयात लग्न लावलेल्या बाईला मनाविरुद्ध असं कुणाच्या घरात ढकलता येत नाही, असा त्यांचा रोख होता. अपिलात तो निकाल टिकला नाही. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी कळवलं की तुरुंग चालेल. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं. त्या लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या, सुरतेत काम केलं.

आता कुणी म्हणेल, हे तर हिंदू घरातलं. तर थांबा. बायकोला नांदायला आणण्याचा हा दावा मुसलमान नवऱ्यालाही करता येतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १८६७ मध्येच ठरवलं होतं. त्या खटल्यातली बायको शमसुन्निसा बेगम. घर कुठल्याही धर्माचं असो, कोर्टाच्या दारात दोघींची अवस्था सारखीच होती.

रखमाबाईंच्या खटल्याने पेटलेल्या वादात १८९१ चा कायदा आला. संमतिवयाचा कायदा. वय दहावरून बारा झालं. टिळकांनी विरोध केला: परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये. आगरकरांनी पाठिंबा दिला. दोघांचे लेख आजही वाचण्यासारखे आहेत. तरी मला एक खटकतं. इतकी शाई सांडली ती मुलीच्या संमतीवर, आणि बोलणारे बहुतेक सगळे पुरुष.

विरोध केला नाही म्हणजे संमती दिली, हा समज पुढेही कोर्टात टिकून राहिला. १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं. भीतीपोटी गप्प राहणं आणि संमती देणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या निकालात होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती होती! १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीत, सत्तेच्या छायेत असलेली बाई जर सांगते की माझी संमती नव्हती, तर कोर्टाने तसंच गृहीत धरायचं. आणि २०१३ मध्ये कायद्याने संमतीची व्याख्याच केली. स्पष्ट, स्वेच्छेने, शब्दाने किंवा खुणेने दिलेली. नुसता प्रतिकार न करणं म्हणजे संमती नव्हे. एका गरीब मुलीचं गप्प राहणं चुकीचं वाचलं गेलं, आणि ते दुरुस्त व्हायला कायद्याला चाळीस वर्षं लागली. नवरा-बायकोच्या नात्याला मात्र हा कायदा अजूनही बाहेर ठेवतो. बायको अठरा वर्षांवरची असेल तर तिच्या नकाराला त्या कलमात जागा नाही. १८८७ चा वाद संपलेला नाही, एवढंच म्हणते.

दवाखान्याबद्दल बोलायलाच हवं, कारण कन्सेन्ट हा शब्द तुमच्या घरात सगळ्यात आधी तिथूनच येतो. “इथे सही करा.” कुणाची सही? नवऱ्याची, भावाची, सासऱ्याची. बाई शुद्धीवर असते, शेजारीच बसलेली असते, आणि कागद तिच्या डोक्यावरून पुढे जातो. २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. त्या तपासणीसाठी भूल घेऊन झोपल्या होत्या. डॉक्टरांनी आईची सही घेतली आणि गर्भाशय काढलं. न्यायालय म्हणालं, तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती नव्हे, आणि जिवाला तातडीचा धोका नसताना सज्ञान बाईच्या वतीने आईसुद्धा संमती देऊ शकत नाही. गर्भपाताचंही तेच. सज्ञान बाईची स्वतःची संमती कायद्याला पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. दवाखाने मागतात, ती गोष्ट वेगळी.

आणि सही स्वतःची असली म्हणजे झालं, असंही नाही. आपल्या दोन्ही तालुक्यांत ऊस आहे, दरवर्षी बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाची समिती बसली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. कागदावर सह्या असतीलच. पण ज्या बाईला कॅन्सरची भीती घातली आहे, खाडा झाला तर जिचे पैसे कापले जातात, तिच्या अंगठ्याला संमती म्हणायचं का?

मोबाइलबद्दल थोडक्यात. ‘अलाउ’ आणि ‘आय अॅग्री’ ही बटणं तुम्ही दिवसात किती वेळा दाबता ते तुम्हालाच माहीत. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमती कशी असावी ते लिहिलं आहे: मोकळी, नेमक्या कामापुरती, माहिती देऊन घेतलेली, अटीविना. ती मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. आणि संमती मागणारी सूचना आठव्या परिशिष्टातल्या भाषांतही वाचण्याची सोय हवी. म्हणजे मराठीत, उर्दूतही. ती मागून घ्या.

आता निकाह. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

आपल्याकडे निकाहाच्या आधी वकील आणि दोन गवाह नवरीकडे जातात ‘इज़्न’ घ्यायला. इज़्न म्हणजे इजाजत, आणि ती नवरीकडून घ्यायची! अख्ख्या लग्नात हा एकच क्षण असा, की परवानगी खालून वर जाते. नवरी हो म्हणाली तरच बाहेरचा मंडप पुढे सरकणार. रखमाबाईंना कोर्टात जे मिळालं नाही, ते आपल्या शरीयतमध्ये अटच आहे. सज्ञान मुलीच्या रजामंदीशिवाय निकाह नाही.

आणि आपण त्या क्षणाचं काय केलं? खोलीत चाळीस बायका. वकील म्हणजे मामा नाहीतर चाचा. मेहरचा आकडा नवरी पहिल्यांदा ऐकते आहे. बिर्याणीचा वास येतोय, काझीसाहेबांना दुसरीकडे जायचंय. फुफी कोपराने ढोसते, “बोल ना बेटा, हां बोल.” या खोलीत ‘नाही’ म्हणायला जागा आहे का? नसेल, तर तिथल्या ‘हां’चं वजन किती?

कुणी सांगेल, कुंवाऱ्या मुलीचं गप्प राहणं म्हणजेच तिची इजाजत, अशी हदीस आहे. आहे. पण ती नीट वाचा. तिथे आधी सांगितलंय की तिला विचारल्याशिवाय निकाह करू नका. ती लाजते, मग कसं कळणार, असं विचारल्यावर गप्प राहण्याची गोष्ट येते. सवलत तिच्या लाजेला होती, आपल्या घाईला नव्हती. आणि त्याच हदीससंग्रहांत खनसा बिन्त खिदाम आहेत. वडिलांनी मर्जीविरुद्ध लग्न लावलं म्हणून त्या पैगंबरांकडे गेल्या, आणि ते लग्न रद्द झालं.

मला सगळ्यात जवळची वाटते ती बरीरा. गुलामीतून सुटलेली बाई. सुटल्यावर, अजून गुलाम असलेल्या नवऱ्याबरोबर राहायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क तिला मिळाला, आणि तिने त्याला सोडलं. तो मुग़ीस मदिनेच्या गल्ल्यांतून तिच्यामागे रडत फिरायचा. पैगंबरांना त्याची दया आली, त्यांनी तिला सुचवलं की परत जा. तिने विचारलं, हा तुमचा हुकूम आहे का? ते म्हणाले, नाही, मी फक्त शिफारस करतोय. ती म्हणाली, मग मला त्याची गरज नाही. विषय तिथेच संपला. कालपर्यंत गुलाम असलेली बाई, समोर अल्लाहचे रसूल, आणि तिने शांतपणे आधी विचारून घेतलं: हे विचारणं आहे की सांगणं?

आपल्या घरात मुलगी म्हणते, “अब्बा बोलेंगे वैसा.” मराठीत म्हणते, “तुम्ही ठरवाल ते.” आई सगळ्यांना सांगते, मुलीची पसंती आहे. तिला बरीराचा प्रश्न विचारायची सोय तरी आपण ठेवली होती का? मुलांचंही काही वेगळं नाही. रांजणगावच्या कंपनीत नोकरी लागली की लगेच घरचे मुलगी बघतात, आणि साखरपुड्यापर्यंत हासुद्धा “चालेल” एवढंच बोललेला असतो. चालेल म्हणजे होकार नव्हे.

लग्नसराई येते आहे. तुमच्यापैकी काही जण भावाच्या, मित्राच्या लग्नात गवाह होतील. तेव्हा इज़्न आदल्या दिवशी घ्या, मंडपात नको. खोलीत तीन-चार माणसंच असू द्या, आणि त्यात तिच्या भरवशाची एक मैत्रीण असू द्या. निकाहनामा तिच्या हातात द्या, मेहरचा आकडा तिला वाचू द्या, तलाक-ए-तफ़वीज़सारखी अट घालायची असेल तर तो रकाना रिकामा सोडू नका. घरात ती दखनी बोलत असेल तर दखनीत विचारा, मराठी बोलत असेल तर मराठीत. आणि विचारून झाल्यावर थोडं थांबा. गवाहाची सही ही तिचा आवाज ऐकल्याची सही असते, पाहुण्यांच्या यादीतली नव्हे.

तुमच्या चिठ्ठ्या इकडे पाठवा. मुलींच्या बाजूने आधी घेते.