दीर्घिकांची रूपे आणि त्यांचा इतिहास

कार्तिकातील अंधाऱ्या, निरभ्र रात्री देवयानी तारकासमूहात एक धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तो सुमारे २५ लक्ष प्रकाशवर्षे दूर असलेली एक स्वतंत्र दीर्घिका आहे. आज दिसणारा तिचा प्रकाश तेथून निघाला, तेव्हा पृथ्वीवर आजचा मानव अवतरलेला नव्हता.

१९२० च्या सुमारास हा ठिपका आपल्या आकाशगंगेतीलच तेजोमेघ असावा, असे अनेक ज्योतिर्विद मानीत. १९२३ मध्ये एडविन हबल यांना माउंट विल्सन येथील १०० इंची दुर्बिणीतून त्यात एक रूपविकारी तारा आढळला. अशा ताऱ्याचे तेज ठराविक काळाने कमी-अधिक होते. त्या कालावधीवरून त्याचे खरे तेज व अंतर काढण्याची वाट हेन्रिएटा लेव्हिट यांच्या संशोधनाने खुली केली होती. तो तारा आकाशगंगेच्या फार पलीकडे असल्याचे सिद्ध झाले.

१९२६ मध्ये हबल यांनी दीर्घिकांचे रूपानुसार वर्गीकरण मांडले. लंबवर्तुळाकार दीर्घिकांत बहुधा जुने, तांबूस तारे असतात. नवे तारे घडविणारा थंड वायू अत्यल्प असतो. कन्या समूहातील एम-८७ ही त्यांपैकी एक होय. सर्पिल दीर्घिकेत फुगीर गाभ्याभोवती चपटी तबकडी असते व तिच्या भुजांत वायू आणि धूळ यांतून नवे तारे जन्मतात. देवयानी अशीच आहे. काही सर्पिलांच्या मध्यातून ताऱ्यांचा दांडा गेलेला असतो. आपली आकाशगंगा या प्रकारची आहे. दक्षिण आकाशातील मॅजेलन मेघांसारख्या दीर्घिका अनियमित म्हणविल्या जातात. पुढे १९३६ मध्ये भुजाहीन तबकडीच्या भिंगाकार दीर्घिकांची त्यांत भर पडली.

दीर्घिकेच्या रूपात तिचा इतिहास साठलेला असतो. दोन सर्पिलांची टक्कर होऊन त्या एकरूप झाल्या, की बहुधा लंबवर्तुळाकार दीर्घिका उरते. सुबक भुजा उमटण्यास मात्र दीर्घ काळ लागत असावा, अशी समजूत होती. २०२५ मध्ये पुणे येथील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधकांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून ‘अलकनंदा’ ही सर्पिल दीर्घिका उजेडात आणली. विश्वाचे वय आज सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. ते अवघे दीडशे कोटी वर्षांचे असतानाच तिच्या भुजा पूर्ण घडलेल्या होत्या. त्या समजुतीचा आता फेरविचार करावा लागत आहे.

अंधारे आकाश अद्याप अनेक खेड्यांनी राखले आहे. हिवाळ्यातील एखाद्या रात्री पंचायतीने घटकाभर रस्त्यावरील दिवे मालवावेत आणि शिक्षकांनी मुलांना देवयानीचा तो ठिपका दाखवावा. त्यासाठी दुर्बिणीचीही गरज नाही.